जुनी गाडी, इथेनॉलवालं पेट्रोल आणि अ‍ॅडिटिव्हची बाटली: उपयोग की मनाची समजूत?

जेट_सुई
थेट सांगतो. कार्ब्युरेटरवाल्या (म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेल्या) गाड्यांसाठी 'इथेनॉलवर उपाय' म्हणून खपणारी, पेट्रोलमध्ये टाकायच्या रसायनाची बाटली बहुतांशी मनाची समजूत आहे. पेट्रोलमधलं इथेनॉल काढून टाकेल असं कुठलंही अ‍ॅडिटिव्ह नाही. जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम, कॉर्कची गास्केटं फुगतात किंवा चिरतात, ती बाटलीतल्या औषधाने वाचत नाहीत. पाइप फ्लोरोइलास्टोमरचे (इथेनॉल सोसणाऱ्या खास रबराचे) घाला, विषय संपला.

पत्र्याची_टाकी
असहमत. पाइप बदलाल हो, पण टाकीचं काय? जुन्या टाक्यांना आतून शिसं-कथलाचा मुलामा असायचा, कार्ब्युरेटरची बॉडी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची. इथेनॉल ओलावा धरून ठेवतं आणि गंज लागतो. अ‍ॅडिटिव्हमधला गंजरोधक धातूवर पातळ थर धरतो, तेवढ्यासाठी तरी तो हवाच. रबराचा नियम तुम्ही धातूला लावताय.

जेट_सुई
गंजापुरतं मान्य. पण त्याच बाटलीवर 'पाण्याचा बंदोबस्त' असंही छापलेलं असतं! ई१० मध्ये (दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये) जेमतेम अर्धा टक्का पाणी मुरतं, थंडीत त्याहून कमी. त्यापुढे पाणी इथेनॉलला सोबत घेऊन तळाला बसतं, आणि टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी असते नेमकी तळाशीच. एकदा असा थर वेगळा झाला की टाकी उपसायची, दुसरा इलाज नाही.

नवा_भिडू
मग आपणच पाणी घालून, हलवून, खालचा थर काढून टाकला तर?

पत्र्याची_टाकी
कृपया नको. इथेनॉलचा ऑक्टेन (इंजिन न ठोकता जळण्याच्या क्षमतेचा आकडा) १०८ च्या आसपास असतो आणि तो धरूनच कंपन्या मूळ पेट्रोल कमी ऑक्टेनचं ठेवतात. इथेनॉल गेलं की इंजिन ठोकायला लागेल. शिवाय उघड्यावर पेट्रोल घुसळणं म्हणजे आगीला आमंत्रण.

चोक_ओढा
दोघेही मिश्रणाबद्दल गप्प कसे? शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे ई२० ला (वीस टक्के इथेनॉल) साधारण १३.५. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो. मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं. यावर मोठा जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) हाच उपाय.

आणि पूर्वी पेट्रोलमध्ये असणाऱ्या शिशाच्या बदली टाकतात ते अ‍ॅडिटिव्ह वेगळं. ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटसाठी (जळका वायू सोडणारी झडप जिथे टेकते ती जागा), इथेनॉलशी त्याचा काडीचा संबंध नाही. लोक सर्रास घोळ घालतात.

जेट_सुई
ई२० ला पटतं. ई१० साठी मात्र उगाच जेट बदलू नका. जुन्या गाड्यांचं मिश्रण बरेचदा मुळातच जाड असतं. आधी स्पार्क प्लगचा रंग बघा, त्यावरून मिश्रण जाड की पातळ ते कळतं.

नवा_भिडू
गाडी काही महिने उभी राहणार आहे. टाकी भरून ठेवू की रिकामी?

पत्र्याची_टाकी
काठोकाठ भरा, स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं रसायन) टाका आणि इंजिन थोडं चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. रिकामा पत्रा गंजतो.

जेट_सुई
टाकी भरा, हे ठीक. पण कार्ब्युरेटरचा बाउल (त्यातली पेट्रोलची छोटी वाटी) कोरडा करून ठेवा. साठलेलं पेट्रोल चिकट होऊन जेट तुंबवतं, मग भले स्टॅबिलायझर असो.

पत्र्याची_टाकी
आणि कोरड्या बाउलमधली गास्केटं आकसली की गळती कोण निस्तरणार? तुम्ही?