बाबा बेने इस्राएल, आई हिंदू... मग 'निवडलेल्या' लोकांत मी आहे की नाही?

कोपरी_पूर्व
नमस्कार. लिहू की नको असं महिनाभर चाललंय, आज लिहितेच.

माझे बाबा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, मूळ गाव अलिबागकडचं. आई मालवणची. लग्न रजिस्टर केलं, दोन्हीकडचे बरीच वर्षं बोलत नव्हते. आमच्या घरात देव्हारा पण आहे आणि दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला मेझुझा (यहुदी घरांच्या दारावर लावतात ती प्रार्थनेची डबी) पण. आईने लग्नानंतर मटणाला दही लावणं बंद केलं, सगळं नारळाच्या दुधात करायला शिकली, आणि मालवणची बाई असून घरात कधी कोलंबी-खेकडे आणले नाहीत, ती माहेरी गेली की तिकडे खायची. आजी गेल्यावर शुक्रवारचा दिवा, म्हणजे शनिवारच्या शब्बाथच्या आदल्या संध्याकाळचा, पण तीच लावायला लागली, बाबांना ड्युटीवरून यायला उशीर व्हायचा म्हणून.

बाबांना जाऊन गेल्या महिन्यात वर्ष झालं. त्यानिमित्त नातेवाईकांकडे मलिदा, म्हणजे आमच्यातला गोड पोह्यांचं ताट ठेवून करायचा प्रार्थनेचा विधी, होता. तिथे एका बाईंनी माझ्यासमोरच दुसरीला सांगितलं की हिला कशाला विचारता, हिची आई आपल्यातली नाही, हिला धरत नाहीत. त्याच आठवड्यात ऐरोलीच्या ऑफिसात जेवताना एक कलीग म्हणाला, "तुम्ही लोक स्वतःला देवाने निवडलेले समजता ना?" म्हणजे बाहेरच्यांना मी त्यांच्यातली वाटते आणि आतले म्हणतात तू नाहीस. त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

मला खरंच समजून घ्यायचंय. तोरा या यहुदी धर्मग्रंथातल्या ६१३ आज्ञा म्हणतात त्यातल्या माझ्यावर किती? एकही नसेल तर मग मी इतकी वर्षं जे पाळलं ते काय होतं? आणि हे 'निवडलेले' म्हणजे नक्की काय, कोणी नीट सांगेल का. भांडण नको प्लीज.

शनवार_तेली
मुली, आधी तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. मी ७१ वर्षांचा आहे, जन्म ठाण्यातलाच, टेंभी नाक्याच्या आमच्या सिनॅगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात), म्हणजे १८७९ साली बांधलेल्या शाआर हाशामाईममध्ये, लहानपणापासून जातोय. मलिद्याच्या ताटासमोर तुला असं ऐकून घ्यावं लागलं याचं फार वाईट वाटलं.

माझं हे टोपणनाव काय आहे बघ. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात जोडपी वाचली असं आपल्याकडे परंपरेने सांगतात. त्यांच्याकडे तोराची पोथी नव्हती, हिब्रू विसरले, रब्बी, म्हणजे धर्मगुरू, तर नव्हताच. कोकणात तेलाचे घाणे चालवायला लागले. काय उरलं? शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद. आठव्या दिवशी मुलाची सुंता. खवले आणि पर नसलेला मासा खायचा नाही. आणि 'शेमा इस्राएल' एवढी एकच प्रार्थना, ती जन्माला, लग्नाला, मयताला, सगळीकडे तीच. गावातले लोक त्यांना यहुदी म्हणत नव्हते कारण तो शब्दच त्यांना माहीत नव्हता, ते म्हणायचे शनवार तेली. म्हणजे ही माणसं कोण हे शेजाऱ्यांनी ओळखलं ते ती शनिवारी काय करत नाहीत त्यावरून.

पुढे दावीद रहाबी नावाचा बाहेरचा यहुदी आला तेव्हा त्याने बायकांपुढे सगळी मिसळ मासळी ठेवली आणि रांधा म्हणाला, तर त्यांनी बिनखवल्याचे मासे वेचून बाजूला टाकले, त्यावरून हे यहुदीच अशी त्याची खात्री पटली अशी गोष्ट आहे. बघ, शास्त्र कोणाला विचारलं नाही, बायकांचा हात काय वेचतो ते पाहिलं. तुझी आई कोलंबी घरात आणत नाही हे वाचलं तेव्हा मला हीच गोष्ट आठवली.

आता ६१३ चं. करा अशा २४८ आणि करू नका अशा ३६५. तालमुदात, म्हणजे रब्बींच्या जुन्या ग्रंथात, म्हटलंय ३६५ म्हणजे वर्षाचे दिवस आणि २४८ म्हणजे शरीराचे अवयव. पण यरुशलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्ये पाडलं गेलं, त्यामुळे यज्ञ, बली, याजकांचं जेवढं काही आहे ते आज कोणालाच पाळता येत नाही. शेतीच्या बऱ्याच आज्ञा फक्त इस्राएलच्या जमिनीला लागू. ठरावीक वेळेला बांधलेल्या 'करा'वाल्या बऱ्याच आज्ञांतून बायकांना सूट. त्यामुळे ६१३ च्या ६१३ पाळणारा माणूस तुला जगात सापडायचा नाही.

तुला खोटा दिलासा देणार नाही, हलाखाप्रमाणे, म्हणजे आपल्या धर्मनियमांप्रमाणे, आई यहुदी तर मूल यहुदी, हा नियम आहे आणि त्या बाई नियमाने चूक नव्हत्या. पण आपल्यातच एके काळी गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. बाप आपला आणि आई बाहेरची अशांच्या वंशाला काळे म्हणायचे, त्यांच्याशी लग्नं करत नसत. मी लहानपणी म्हाताऱ्यांच्या तोंडून हे ऐकलंय आणि आजही आठवलं की मान खाली जाते. त्या बाई जे बोलल्या त्यात नियम थोडा आणि हे जुनं विष जास्त, असं मला वाटतं.

वाशी_निवृत्त_शिक्षिका
मी मराठी ख्रिस्ती, जुना करार लहानपणापासून घरात. निवडीबद्दल लोक फक्त 'निवडलं' एवढंच वाचतात आणि पुढचं वाचत नाहीत, म्हणून लिहितेय. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात सांगितलंय की तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून नाही निवडलं, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता. आमोस संदेष्टा तर तिसऱ्या अध्यायात म्हणतो की पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांतून मी तुम्हालाच ओळखलं, म्हणून तुमच्या सगळ्या अपराधांची शिक्षा तुम्हाला करीन. हा 'म्हणून' नीट बघा! आपण म्हणू लाडका आहेस म्हणून माफ, तिथे उलटं आहे. आणि नवव्या अध्यायात तोच आमोस विचारतो की तुम्ही मला दूरच्या, परक्या कूशी लोकांसारखेच नाही का, मी पलिष्ट्यांना आणि अरामींना पण त्यांच्या त्यांच्या ठिकाणाहून आणलं नाही का.

कोपरीताई, मला तर हे वर्गाच्या मॉनिटरसारखं वाटतं, मॉनिटरला मार्क जास्त मिळत नाहीत, पण वर्गात गोंधळ झाला की पहिला ओरडा त्यालाच बसतो. चाळीस वर्षं वर्गात काढल्यामुळे मला हीच उपमा सुचते.

घोडबंदर_रोड
मॅडम तुमचं पटतं पण तरी एक प्रश्न राहतोच ना. जबाबदारी म्हणा, ओझं म्हणा, एकाला निवडलं म्हणजे बाकीच्यांना नाही निवडलं. आम्ही जातीमुळे हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलंय, कोणी म्हणायचं आमचा जन्म देवाच्या मुखातून झाला आणि त्याबरोबर कर्तव्यं पण आली, ऐकायला छानच वाटतं, पण पाणी मात्र आम्हाला वरूनच वाढायचे. त्यामुळे जन्माने मिळालेलं काही पवित्र असतं यावर माझा विश्वास बसत नाही. कोपरीताईंना दुखवायचं नाहीये, उलट त्यांना जे ऐकावं लागलं ते मला लगेच कळलं.

शनवार_तेली
घोडबंदरवाले भाऊ, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. खरं आहे आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आमच्यातल्याच लोकांना हे टोचलंय, अमेरिकेतले रब्बी मोर्दखाय कॅप्लन यांनी १९४५ च्या आपल्या प्रार्थनापुस्तकातून 'सर्व राष्ट्रांतून आम्हाला निवडलंस' हे शब्दच काढून टाकले, त्यावरून मोठं वादळ झालं. मी स्वतः ते शब्द म्हणतो, पण त्यांनी का काढले ते मला समजतं.

दोन गोष्टी मात्र सांगतो. आमच्या शिकवणीत उद्धारासाठी यहुदी व्हावंच लागतं असं नाही. नोहाच्या सात आज्ञा सगळ्या मानवजातीला आहेत, खून नको, चोरी नको, न्यायालयं असावीत वगैरे, आणि इतर राष्ट्रांतल्या नीतिमान माणसांना येणाऱ्या जगात वाटा आहे. म्हणून तर आम्ही कोणाला धर्मात ओढायला जात नाही. दुसरी गोष्ट, दार जन्माने बंद नाही. जुन्या करारातली रूथ मवाबी होती, बाहेरची, ती सासूबरोबर चालत आली आणि दावीद राजा तिचा पणतू. धर्मांतर करून आलेल्याला त्याचं मूळ काढून टोचू नये असा आमच्यात नियमच आहे.

आणि मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या जुन्या कथांत, असंही आहे की देवाने सीनाय पर्वत उपडा करून लोकांच्या डोक्यावर धरला आणि म्हणाला घ्या तोरा, नाहीतर इथेच तुमची कबर. बहुमान मिळालेल्या लोकांनी स्वतःबद्दल अशी गोष्ट लिहून ठेवली असती का?

अश्दोद_मूळ_ठाणेकर
शालोम सगळ्यांना, मी कळव्यात वाढले, आता २२ वर्षं इकडे इस्राएलमध्ये. कोपरीताई, इथे कायदा आणि धर्म दोन वेगळ्या खिडक्या आहेत. यहुद्यांना इथे येऊन नागरिक होता येतं तो परतीचा कायदा १९५० चा, १९७० च्या दुरुस्तीने यहुद्याची मुलं-नातवंडं पण त्यात येतात, म्हणजे तुम्हाला नागरिकत्व मिळू शकतं, पण लग्नाला गेलात की रब्बिनेट, म्हणजे इथलं सरकारमान्य धर्मगुरूंचं मंडळ, आईचं विचारणार. एकाच देशात एका टेबलावर हो आणि दुसऱ्या टेबलावर नाही.

आणि तुम्हाला 'धरत नाही' म्हणणाऱ्यांना हे आठवण करून द्या की आपल्या सगळ्यांनाच कोणीतरी धरत नव्हतं. १९६२ मध्ये इथल्या रब्बिनेटने सांगितलं की बेने इस्राएलचं लग्न लावायचं तर आधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. शनवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांची नातवंडं यरुशलेममध्ये धरणं धरून बसली, १९६४ मध्ये संसदेपर्यंत गेलं तेव्हा ते मागे घेतलं. माझी मावससासू त्या धरण्यात होती, तान्हं मूल मांडीवर घेऊन. एवढं भोगलेल्या लोकांनी तुम्हाला असं बोलावं याचा मला राग येतो.

कोपरी_पूर्व
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला मोठ्याने वाचून दाखवलं, दावीद रहाबीच्या गोष्टीला ती रडली.

माझं असं झालंय की उत्तर 'नाही' आहे हे कळूनही हलकं वाटतंय. आतापर्यंत कोणी नीट 'नाही' पण म्हटलं नव्हतं, नुसतं टाळत होते. धर्मांतराचं मी इतक्यात ठरवणार नाही, ते बाबांच्या आठवणीत करायचं नाहीये, करायचं झालं तर माझ्यासाठी करीन. आणि आईचा देव्हारा मी काढणार नाही हे पण मला माहितीये, त्यामुळे कदाचित कधीच नाही होणार. पण शुक्रवारचा दिवा मी लावत राहणार, माझ्यावर आज्ञा नसली तरी. घोडबंदर दादा, तुमचं पाण्याचं वाक्य डोक्यातून जात नाहीये.

शनवार तेली काका, मला आणि आईला एकदा सिनॅगॉग बघायचंय. लहानपणी बाबांबरोबर आले होते तेवढंच, नवरात्रात देवीची गर्दी असताना त्या गल्लीतून चालत गेल्याचं आठवतं. आई विचारतेय आत जाताना डोक्यावर साडीचा पदर घेतला तर चालेल का, की स्कार्फच पाहिजे?

शनवार_तेली
चालेल म्हणजे काय. आमच्या आज्या नऊवारीचाच पदर घ्यायच्या. रविवारी सकाळी या दोघी, मी दारात थांबतो.