'मसल मेमरी'ला मराठीत काय म्हणावं?

एका लेखाचं भाषांतर करतोय. त्यात 'मसल मेमरी' आलंय, म्हणजे सरावाने हालचाली आपोआप होऊ लागणं. 'स्नायुस्मृती' लिहिलं, पण वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं होतंय. दुसरा शब्द आहे का?

— 'स्नायुस्मृती' अर्थानेही चुकतो. हालचालींचा क्रम, जोर, वेळ हे सगळं साठतं मेंदूत. त्यात अनुमस्तिष्काचा, म्हणजे मेंदूच्या मागच्या-खालच्या भागाचा, वाटा मोठा. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी १९६२ साली एच. एम. या रुग्णाबद्दल लिहिलं होतं. मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नवं काही आठवत नसे. आरशात बघून चांदणीच्या कडेने रेघ ओढायचं काम त्याला तीन दिवस दिलं. चुका कमी होत गेल्या, पण हे आपण आधी केलंय याचा त्याला पत्ताच नाही! म्हणजे मेंदूत कौशल्याची आठवण प्रसंगांच्या आठवणीपेक्षा वेगळी साठते. आपल्याकडे 'हात बसणे' आहे की. टायपिंगवर हात बसला, म्हणतोच ना आपण.

— आणि पोहण्यात? तिथे नुसत्या हाताने कसं भागेल? 'अंगवळणी पडणे' घ्या.

— अंगवळणी तर उशिरा उठणंही पडतं. त्यात सवय आहे, कौशल्य असेलच असं नाही. मला आपली साधी क्रियापदंच नेमकी वाटतात: कळलं, जमलं, हात बसला. फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली शिकण्याचे तीन टप्पे सांगितले, ते जवळपास हेच. आधी प्रत्येक हालचाल मनात म्हणत करायची, मग चुका घटतात, शेवटी लक्ष न देताही होते. हात बसलेल्या माणसाला 'क' कुठल्या बोटाने दाबतोस विचारा, अडखळेल. 'येणे' मात्र फसवं. कसाबसा पैलतीर गाठणाराही 'मला पोहता येतं' म्हणतो.

— थोडं विषयांतर: व्यायामशाळेत 'मसल मेमरी' वेगळ्या अर्थाने चालतो. व्यायाम सुटल्यावर गेलेले स्नायू पुन्हा सुरुवात केली की लवकर भरतात, ते. तिथे स्नायू खरोखरच हवा. तुमचा लेख कुठला?

— पियानोवादनाचा. म्हणजे 'हात बसणे' चपखल. पण तक्त्याच्या मथळ्यात नाम हवंय.

— मग 'अंगवळण' टाका. सवयीचा वास येतो खरा, पण तक्त्यात चालून जाईल. मजकुरात हातच बसू द्या.