हा मनोनिग्रहाचा प्रश्न नाही

"डाएट मोडतो तो मनाने कच्चा, बाकी सगळे बहाणे" हे मत मला अजिबात पटलं नाही. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या संशोधकाने 36 निरोगी तरुणांवर प्रयोग केला. युद्धात लढायला नकार देणारे, आपल्या तत्त्वासाठी स्वतःहून उपाशी राहायला आलेले हे लोक. यांना मनाने कच्चं कोण म्हणेल? 24 आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं, रोज साधारण 1600 कॅलरी. (आपल्याकडच्या कितीतरी डाएट चार्टवर याहून कमी आकडा असतो!) वजन सुमारे पाव भागाने उतरलं, पण डोक्यात दिवसरात्र अन्नच. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे, चिडचिड, उदासी. पुन्हा भरपूर खायला मिळू लागल्यावरही काहींची भूक कितीतरी दिवस भागेना.

बारावीनंतर मी सहा महिने 1200 कॅलरींवर काढले. रात्री पडल्या पडल्या साबुदाणा वड्यांचे व्हिडिओ बघायचे आणि मग हावरट म्हणून स्वतःचाच राग यायचा. घरातही 'जिभेवर ताबा नाही हिचा' हेच ऐकलं. हा प्रयोग तेव्हा कुणी सांगितला असता, तर निदान ती लाज तरी वाटली नसती.