स्पेनची जुनी गावं कॅम्परने (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने) पाहिलीत? अनुभव येऊ द्या!

ही गावं खेचरांच्या मापाने बांधलेली, आणि आपण जाणार सात मीटरची गाडी घेऊन. गाडी कुठे लावलीत, गावात कसे शिरलात, काय आवडलं, सगळं लिहा.

सुरुवात मीच करते. तोलेदोला तीन बाजूंनी ताखो नदीचा वेढा आहे. आम्ही गाडी नदीपलीकडच्या कॅम्पिंगवर ठेवली आणि सान मार्तिनच्या मध्ययुगीन पुलावरून चालत वर गेलो. दम लागतो, पण गाव असंच चढून पाहावं. सांतो तोमे चर्चमधलं एल ग्रेकोचं भलंमोठं चित्र (काउंट ऑर्गाथचं दफन, १५८६-८८) पाहायचं तर दार उघडताक्षणी जा. येताना मार्झिपान घ्या, आपल्या बदामी बर्फीचं चुलत भावंड.

---

ताई, आमचं आविला. तटबंदी सुमारे अडीच किलोमीटर, बरीचशी तिकीट काढून वरून चालता येते. पण खरी दिसते ती गावाबाहेरच्या क्वात्रो पोस्तेस या चार खांबांच्या स्मारकापासून, दिवे लागल्यावर. गाव अकराशे मीटरच्या वर आहे, एप्रिलातही रात्री हीटर लागला. गॅस भरून घ्या!

---

मेरिदा कुणीच कसं लिहिलं नाही? इ.स.पू. २५ मध्ये ऑगस्टसने निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं. रोमन नाट्यगृहात उन्हाळ्यात आजही नाटकं होतात. ग्वादियानावरचा रोमन पूल फक्त पादचाऱ्यांसाठी.

---

रात्री रस्त्याकडेला झोपलं तर चालतं का?

---

स्पेनमध्ये पार्किंग वेगळं, कॅम्पिंग वेगळं. रीतसर जागी लावलेल्या गाडीत आत झोपणं रहदारीच्या नियमात बसतं. बाजूचं छप्पर ओढलं, खुर्च्या मांडल्या किंवा सांडपाणी सोडलं की ते कॅम्पिंग, मग दंड. शिवाय गावागावाचे आपापले नियम असतात, फलक वाचा.

---

रोंदाला दुपारी जाऊच नका. १७९३ साली पुरा झालेला तो दरीवरचा पूल सेल्फीवाल्यांनी गच्च असतो. दिवसाच्या सहली परतल्या की गाव मोकळं होतं. जवळच मुक्काम असल्याचा फायदा तेव्हा कळतो.

---

शाकाहारींसाठी: दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं साडेआठच्या पुढे. मधल्या वेळात बरीच स्वयंपाकघरं बंद. साल्मोरेखो हे टोमॅटोचं थंड सूप निर्धास्त मागवाल, तर वर हॅमचे तुकडे! 'सिन खामोन' (हॅमशिवाय) म्हणायला शिका. सेगोव्हियात मात्र जलसेतू पाहा आणि पोहे गाडीतच करा. तिथला मिरवायचा पदार्थ म्हणजे भाजलेलं डुकराचं पिल्लू.

---

भारतातून येणाऱ्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, आणि भाड्याची गाडी एकूण ३५०० किलोच्या आतलीच घ्या.