मदत हवी आहे: ब्लॅकस्पॉटवरच्या उपायाचा खरा परिणाम कसा मोजायचा?

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या एका ब्लॅकस्पॉटवर (वारंवार अपघात होणाऱ्या जागेवर) एम.टेक.चा प्रबंध करतेय. दुभाजकातली वाट बंद करून रम्बलर (वेग कमी करायला लावणारे उंचवट्यांचे पट्टे) टाकल्यावर अपघात कमी झालेत. पण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा १० मृत्यू, या निकषावर जागा निवडली की बहुधा वाईट काळातलाच आकडा हाती लागतो. काहीही न करता तो पुढे सरासरीकडे उतरू शकतो. म्हणून नुसती आधी-नंतरची तुलना मला पटत नाही.

नोंदी एफआयआरवरून काढल्या. जागा 'धाब्यासमोर', 'पुलाच्या अलीकडे' अशा. त्या किलोमीटरच्या दगडांशी जुळवतानाच दमछाक झाली. या आकड्यांवर पॉयसन (मोजणीच्या आकड्यांचं साधं मॉडेल) बसवलं तर व्हेरियन्स (आकड्यांचा पसारा) सरासरीपेक्षा बराच मोठा, म्हणून जास्त पसारा सामावणारं निगेटिव्ह बायनॉमियल घेतलं. एम्पिरिकल बेझसाठी (जागेचा स्वतःचा आकडा आणि तशा जागांसाठी मॉडेलचा अंदाज यांचा मेळ घालणारी पद्धत) अमेरिकी रस्ता-सुरक्षा मॅन्युअलमधली सूत्रं आहेत, पण आपल्या दुचाकी आणि उलट्या दिशेनं येणारे ट्रॅक्टर त्यांत बसत नाहीत. वाहनसंख्या फक्त टोलनाक्याची मिळते. व्हिडिओ सर्वेक्षणाला पैसे नाहीत.

याच महामार्गावरचे, उपाय न झालेले याच प्रकारचे चौक संदर्भगट (तुलनेसाठीच्या जागा) म्हणून घेतले, तर स्वतःचं मॉडेल उभं राहायला किमान किती जागा लागतील? आणि टोलनाक्याची वाहनसंख्या त्या सगळ्यांना लावलेली चालेल का?