'पब्लिक नोड बघायला येत नाही' म्हणणाऱ्या भावासाठी

नोडवाला शाहूपुरी
काल इथं एकानं टाकलं, "गणपतीच्या मिरवणुकीत एलईडी वॉलवर चित्र थरथरलं की काम झालं. नोडची नावं आणि फ्रेमा बघायला पब्लिक येत नाही." खाली बदामांचा पाऊस. राहवेना म्हणून लिहितोय. नवख्यांसाठी: नोड म्हणजे चित्रावर एकेक क्रिया करणारी, वायरींनी जोडलेली डबी. फ्रेम म्हणजे अशा डब्यांभोवतीची नाव लिहिलेली चौकट.

परवाच असलं एक फिल्टर दुरुस्तीला आलं. लोगोची कड वाऱ्यानं उडाल्यागत उजवीकडं ताणायची होती. फाईल उघडली तर ओळीनं तीन नोड, तिन्हींच्या डोक्यावर 'मल्टिप्लाय', म्हणजे गुणाकार. एकात 0.03, दुसऱ्यात 6, तिसऱ्याची वायर काढून टाकलेली, आत -1. ताणाचा जोर कुठला, नॉइजचा, म्हणजे कॉम्प्युटरनं बनवलेल्या काळ्या-पांढऱ्या ढगाळ नक्षीचा, दाटपणा कुठला, पत्ता नाही. आधीच्या पोराला ते उणे एक चुकून पडलेलं वाटलं, त्यानं सोडवलं आणि कड डावीकडं पळाली. अरे, डिसप्लेस, म्हणजे नक्षीच्या आकड्यांनी चित्र सरकवणारा नोड, पिक्सेल ढकलत नाही, ओढतो! आउटपुटचा प्रत्येक पिक्सेल 'रंग कुठनं आणू' एवढंच विचारतो, म्हणून अधिक आकडा दिला की चित्र उलटीकडं सरकतं. लेबलवर 'दिशा उलट' एवढं लिहायला काय जात होतं?

माझी पद्धत साधी. पहिल्या फ्रेममध्ये नुसता नॉइज. दुसरीत त्यातनं 0.5 वजा, म्हणजे मधला करडा रंग शून्यावर येतो आणि चित्र जागचं हलत नाही. तिसरीत जोरानं गुणून डिसप्लेस. सगळं कंट्रोल जी मारून एका ग्रुपमध्ये, बाहेर तीनच आकडे: जोर, दाटपणा, वेग.

लास्टमिनिट भावा
ते टाकणारा मीच. विसर्जनाच्या आदल्या रात्री अध्यक्ष येतात आणि म्हणतात, "अजून जरा हलवा की ओ." तवा फ्रेमा रंगवत बसू? नॉइजला नॉइजनं वाकवायचं, त्याला परत तिसऱ्यानं. पाच मिनिटांत नादखुळा!

नोडवाला शाहूपुरी
'अजून जरा' म्हणजे तुझ्या जाळ्यातला कुठला आकडा, तेवढं सांग.

लास्टमिनिट भावा
मला म्हाईत असतंय.

नोडवाला शाहूपुरी
आणि त्या रात्री तू तापानं फणफणलास तर?

लास्टमिनिट भावा
मग मंडळ बेंजोवर नाचंल. हाय काय आन् नाय काय.

तात्या फ्लेक्स
दोघंही पोरं हायसा. आमच्याकडचा कारागीर सोडून गेला, मागं फाईल ठेवली 'फायनल नवीन खरं फायनल'. आत जळमटं. वाढदिवसाचा फ्लेक्स होता, साहेबांच्या मागं ज्वाळा लवलवायच्या होत्या. त्याला फोन केला तर म्हणतो, "तात्या, मलाबी आता आठवंना." शेवटी ज्वाळा नेटवरनं उचलल्या. तवापासनं लेबल नसंल तर पगार नाही.

कॅमेरावाली
तुमच्या वॉलवर काय हलायचं ते हलू दे. वॉल ज्या ट्रॅक्टरवर, त्याच ट्रॅक्टरवरचा लेसर कोण बंद करणार? कोल्हापुरात पापाच्या तिकटीला मिरवणुकीचे फोटो काढत होते, किरण सरळ लेन्समध्ये. सेन्सरवर कायमची हिरवी रेघ. दुरुस्तीचा आकडा ऐकून दुकानातच बसले.

लास्टमिनिट भावा
ताई, लेसरवाले वेगळे, आम्ही वेगळे.

कॅमेरावाली
सुपारी एकाच मंडळाची ना? मग वेगळे कसे? कॅमेऱ्याचा सेन्सर जळतो तिथं माणसाच्या डोळ्याचा पडदा काय दगडाचा आहे? पुढच्या रांगेत बापाच्या खांद्यावर पोरं असतात.

लास्टमिनिट भावा
बंदी घालणं कलेक्टरचं काम. आमचं पोट वॉलवर हाय.

तात्या फ्लेक्स
बाई बरोबर बोलत्यात. आणि त्यो डॉल्बी? आमच्या दुकानाची काच...

नोडवाला शाहूपुरी
तात्या, काचेचा वेगळा विषय काढा. इथं नोड चाललंय.

कॅमेरावाली
का? लोकांच्या डोळ्यांपेक्षा वायरी मोठ्या?

रंकाळा शेडर
लेसरवर ताईंना पूर्ण पाठिंबा. बाकी नोड हाच मुळात पोरखेळ. तीन फ्रेमांचं काम कोडच्या चार ओळींत होतं. ग्राफिक्सवाल्या केन पर्लिननं 1985 साली नॉइज मांडला तो प्रत्येक पिक्सेलसाठी चालणाऱ्या स्वतःच्या छोट्या कोडच्या भाषेत, वायरींनी नाही.

नोडवाला शाहूपुरी
आणि त्याच्या आदल्या वर्षी, 1984 ला, रॉबर्ट कुकनं 'शेड ट्रीज' मांडली ती कसली होती? एकात एक जोडलेल्या नोडांचीच. तुझ्या चार ओळी तू वाचशील. तात्यांच्या दुकानातलं पोरगं आकडा ओढून बघणार, कोड नाही.

रंकाळा शेडर
बरं बाबा, कुक तुझा. पण नुसत्या लेबलांनी भागत नाही. वेबवर एसव्हीजी (वेबपेजवरच्या चित्रांचा एक फॉरमॅट) मधल्या डिसप्लेसमेंट फिल्टरला हातानं केलेला मॅप, म्हणजे कुठं किती सरकायचं ते सांगणारं चित्र, दे. 0 ते 255 मधला 128 चा करडा, म्हणजे मधला 0.5, काही हलायला नको. पण फिल्टर डिफॉल्टनं लिनिअर रंगात, म्हणजे उजेडाच्या सरळ प्रमाणात, मोजतो, तिथं तो करडा 0.22 च्या आसपास जातो. स्केल, म्हणजे जोर, 100 असला तर अख्खं चित्र 28 पिक्सेल सरकतं. एका साईटवर कुणीतरी 28 चं उलटं मार्जिन देऊन ते झाकलेलं मी बघितलंय. लेबल काय लावणार तिथं?

नोडवाला शाहूपुरी
'एसआरजीबी (स्क्रीनचं नेहमीचं रंगमाप) ठेवा, नाहीतर चित्र सरकतं.' हे लेबल.

लास्टमिनिट भावा
आता दोघं शहाणे आलायसाच तर सांगा. मोठ्या वॉलवर लाट गुळगुळीत न येता पायऱ्या पायऱ्या का येत्यात?

रंकाळा शेडर
मॅप 8 बिटचा दिलायस का?

लास्टमिनिट भावा
जेपेग हाय.

रंकाळा शेडर
मग मॅपला पायऱ्याच 256. पार काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 2000 पिक्सेल ताणलंस तर एकेक पायरी जवळजवळ 8 पिक्सेलची. 16 बिट किंवा फ्लोट (अपूर्णांकात मोजणारा) मॅप घे. आणि जेपेगचे चौकोन पण लाटेत उतरतात, ते वेगळंच.

नोडवाला शाहूपुरी
आणि तो जेपेग तुझ्या जाळ्यात किती ठिकाणी जोडलाय?

लास्टमिनिट भावा
...बघतो.

लास्टमिनिट भावा
बरं, मॅपच्या नोडला नाव दिलं. जोरालाबी दिलं. बाकीच्या गुंत्याला फ्रेम टाकून वर लिवलंय, 'शाहूपुरीच्या साहेबांनी हात लावू नये'. झालं समाधान?

नोडवाला शाहूपुरी
उपकार झाले. फाईल पाठव, ते उणे एक कुठं लपवलंयस बघतो.

कॅमेरावाली
लेसरवर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.