अक्कलदाढ काढून चौथा दिवस, ठणका वाढतोच आहे

सोमवारी खालची डावी अक्कलदाढ काढली. मुळाशी पू होता, म्हणून आधी पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं होतं. दोन दिवस बरं गेले. कालपासून कळ थेट कानात जाते, तोंडाला घाण वास येतो. टॉर्च लावून आरशात पाहिलं तर खळगा रिकामा, तळाशी पांढुरकं हाड. ताप नाही. आई म्हणते लवंग भर. भरू का?

प्रतिसाद १
लवंग कोंबू नका ताई. मला गेल्या वर्षी अगदी हेच झालं होतं, ड्राय सॉकेट. रक्ताची गुठळी निघून जाते, हाड उघडं पडतं. डॉक्टरांनी खळगा सलाइनने धुऊन औषधाची पट्टी भरली, तासाभरात जीव थाऱ्यावर आला. पट्टी तीनदा बदलावी लागली. आठवडाभर मऊ भात आणि ताक. स्ट्रॉ नको. मिठाचं कोमट पाणी तोंडात धरायचं आणि मान वाकवून नुसतं सोडून द्यायचं, खळखळून चूळ भरायची नाही.

प्रतिसाद २
ताप आला, गाल सुजला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास झाला तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठा. घरात कुणी तंबाखू खात असेल तर त्यांनाही हे वाचायला द्या, तंबाखूने जखम भरत नाही.

प्रश्नकर्ती
आत्ताच जाऊन आले. ड्राय सॉकेटच निघालं. पट्टीला लवंगेच्या तेलाचा वास येतोय, आईला फोन करून आधी तेच सांगितलं. परवा पुन्हा बोलावलंय. आज रात्री झोप लागेल असं वाटतंय.